नळाविना तळ

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर टोकाला युरेका नावाचे खोरे आहे. त्याच्या एका कडेला वाळूच्या टेकड्यांची रांग उभी आहे, सुमारे पाच किलोमीटर लांब, दीड किलोमीटर रुंद आणि पायथ्यापासून दोनशे मीटरहून उंच. कोरड्या हवेत वाळूचा थर उतारावरून घसरला की तिथे खर्जातला घुमारा ऐकू येतो. जवळचे गाव बिग पाइन, तेही सुमारे ८० किलोमीटरवर, आणि शेवटचे सुमारे १६ किलोमीटर गाडीचे सांधे खिळखिळे करणारा कच्चा रस्ता. टेकड्यांच्या पायथ्याशी तंबू ठोकण्यासाठी जागा राखलेली आहे. तिथे काही टेबले आहेत, शेकोटीसाठी लोखंडी कडी आहेत आणि पाणी न लागणारा खड्ड्याचा संडास आहे. पाणी नाही, वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, आरक्षण नाही आणि शुल्कही नाही. अशा जागी सोयी कराव्यात की नाही, हा या लेखाचा प्रश्न. नळ, बसथांबा आणि स्वच्छतागृह हा नागरिकाचा हक्क आहे असे ज्यांनी आयुष्यभर मानले, त्यांचा पूर्वपक्ष येथे आहे. तो हलका नाही, म्हणून तो पूर्ण ताकदीने मांडला आहे. उत्तरपक्ष माझा आहे.

पूर्वपक्ष : जमीन सार्वजनिक, तिच्या देखभालीचा पैसा जनतेचा, आणि तिथे पोहोचलेल्या माणसाला प्यायला पाणीसुद्धा नाही! आपल्याकडच्या एखाद्या तीर्थक्षेत्री ही अवस्था असती तर आपण ग्रामपंचायतीला जाब विचारला असता. पंढरीच्या वाटेवर पालखीच्या मुक्कामी टँकर उभे राहतात, फिरती शौचालये येतात. त्यामुळे वारीचे मोल उणावले असे एकही वारकरी म्हणत नाही. मग वाळवंटातल्या तळावरच अभाव हा गुण कसा ठरतो? मला तर वाटते, भरल्या पोटीच माणसाला उपवासाचे कौतुक असते. ज्याच्या घरी तोटी फिरवली की पाणी येते, त्यालाच दोन दिवस डब्यातले पाणी पुरवून पुरवून पिण्यात गोडी वाटते. मराठवाड्यातल्या ज्या बाईने डोक्यावरून हंडे वाहिले, तिला विचारा. तिथे एक बोअर मारा, सौरपंप बसवा, छोटी टाकी आणि एक तोटी द्या. एवढ्याने वाळवंटाचे असे काय बिघडणार आहे?

उत्तरपक्ष : हंडा वाहणाऱ्या बाईचा दाखला मी मानतो. जिथे माणूस राहतो, तिथे पाणी पोहोचवणे हे शासनाचे पहिले काम आहे आणि त्यात तडजोड नाही. पण युरेकाच्या तळावर कोणी राहत नाही. तिथे माणूस दोन रात्रींसाठी येतो आणि जातो. राहणारे दुसरेच आहेत, आणि बोअर कोणाच्या पाण्यात उतरते हा प्रश्न त्यांच्यासाठी जीवनमरणाचा आहे. याच उद्यानाचा एक सुटा तुकडा शेजारच्या नेवाडा राज्यात आहे, डेव्हिल्स होल नावाचा. खडकातली एक खोल कपार, तिच्यात कोमट पाणी, आणि त्या पाण्यात जेमतेम इंचभर लांबीचा पपफिश. ही जात जगात दुसरीकडे कुठेही निसर्गतः सापडत नाही. पाण्याच्या पृष्ठभागाखाली एक उथळ कातळकट्टा आहे, त्यावर ती खाते आणि अंडी घालते. आसपास शेतीसाठी विहिरींतून मोठा उपसा सुरू झाला तशी कपारीतली पातळी उतरली आणि कट्टा उघडा पडू लागला. वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७६ मध्ये न्यायालयाने त्या माशापुरते पाणी राखण्यासाठी उपशावर मर्यादा घालणे योग्य ठरवले. वाळवंटात भूजल कसे वागते, हे त्या खटल्याने दाखवून दिले. उपसा एका जागी होतो आणि झरा दुसरीकडे आटतो.

तुम्ही म्हणाल, शेतीचा उपसा कुठे आणि तळावरची एक तोटी कुठे! ते खरे आहे. तोटीमुळे जमिनीखाली होणारा परिणाम लहानच असेल. जमिनीवर होणारा परिणाम मात्र लहान नाही. डेथ व्हॅली ज्यात येते त्या मोहावी वाळवंटात रेव्हन हा थोराड कावळा गेल्या काही दशकांत अनेक पटींनी वाढला. कारण साधे आहे. माणसाचा कचरा, गळकी तोटी, साचलेले डबके, बसायला विजेचा खांब. पूर्वी उन्हाळ्यात पाण्याअभावी त्याची संख्या आपोआप आटोक्यात राहत असे, ती अट आपण उठवली. हाच कावळा वाळवंटी कासवांची पिल्ले फोडून खातो, कारण कोवळ्या कवचाला टणकपणा यायला बरीच वर्षे लागतात. मोहावीतले हे कासव १९९० पासून संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. दुसरीकडे, त्याच वाळवंटातला कांगारू उंदीर पाण्याचा घोट न घेता, बियांतून मिळणाऱ्या ओलाव्यावर जन्म काढतो. तिथला प्रत्येक जीव पाण्याच्या दुर्मीळतेवर बेतलेला आहे. आपण तोटी बसवतो ती माणसासाठी, पण तिचा पहिला फायदा उठवतात ते माणसामागोमाग येणारे प्राणी, आणि त्याची किंमत इतर जीव मोजतात.

पूर्वपक्ष : कासवाची काळजी करा, पण माणसाचीही करा. जगातले अधिकृत कमाल तापमान याच उद्यानात नोंदले गेले, १० जुलै १९१३ रोजी, ५६.७ अंश सेल्सिअस. १९९६ च्या जुलैमध्ये दोन लहान मुलांसह चार जर्मन पर्यटक इथल्या दुर्गम वाटांवर बेपत्ता झाले. त्यांची गाडी काही महिन्यांनी फुटलेल्या टायरांसह सापडली, आणि त्यांतल्या प्रौढांचे अवशेष मिळायला २००९ साल उजाडले. वाटेत कुठे पाणी असते, कुठे फोन असता, तर? माणसे मरतात हे ठाऊक असताना सोय न करणे याला मी जबाबदारी झटकणे म्हणतो. सह्याद्रीतल्या अवघड वाटेवर आपण लोखंडी शिडी लावतो, कड्याला साखळी लावतो. तिथे कोणी म्हणत नाही की पडणाऱ्याने तयारी करून यायला हवे होते.

उत्तरपक्ष : त्या चौघांचा मृत्यू हा तुमच्या बाजूचा सर्वांत जड पुरावा आहे, म्हणून तो नीट तपासू. ते ठरवून दिलेल्या तळावर नव्हते. भर जुलैत, डोंगरी कच्ची वाट न झेपणारी गाडी घेऊन ते आडवाटेला शिरले होते. हजारो चौरस किलोमीटरच्या उद्यानात अशा वाटा अनेक आहेत, आणि युरेकाच्या तळावरची तोटी त्यांतल्या एकाही वाटेवर चुकलेल्या माणसापर्यंत पोहोचत नाही. वाळवंटात जीव वाचतो तो ऋतू ओळखल्याने. शहाणा माणूस इथे ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्च-एप्रिलपर्यंतच मुक्कामाला येतो. जीव वाचतो तो दरडोई दिवसाला किमान चार लिटर पाणी आणि वर अडचणीपुरते जास्त बरोबर घेतल्याने, पूर्ण आकाराचे जादा चाक गाडीत असल्याने, कुठे जातो आणि कधी परततो हे मागे कोणाला तरी सांगून ठेवल्याने, आणि गाडी बंद पडली तर तिला सोडून चालत न सुटल्याने. विमानातून शोधणाऱ्याला गाडी दिसते, एकटा माणूस दिसत नाही. या सर्व गोष्टी माहितीच्या आहेत, आणि माहिती द्यायला मी कधीही नाही म्हणणार नाही. मोठा फलक लावा, निघण्यापूर्वी रस्त्याची ताजी बातमी द्या, चार भाषांत द्या.

शिडी-साखळीबद्दल माझे म्हणणे असे की ती चढणाऱ्याला त्या एका कड्यावर पूर्ण आधार देते. दुर्गम तळावरची तोटी मात्र अर्धा आधार देते, आणि अर्धा आधार धोक्याचा असतो. नकाशावर पाण्याची खूण दिसली की माणूस पाच कॅनऐवजी एक कॅन भरतो. मग पंप बिघडलेला असला, टाकीत शेवाळे असले किंवा पाइप थंडीने फुटलेला असला (हिवाळ्यात तिथे रात्रीचे तापमान गोठणबिंदूच्या खाली जाऊ शकते), तर ८० किलोमीटर मागे फिरण्यावाचून गत्यंतर नाही. दुरुस्तीचा माणूस रोज येईल अशी ती जागा नाही. पाणी मुळीच नाही हे स्पष्ट असणे हीच तिथे सर्वांत भरवशाची सूचना आहे. जी सोय अखंड चालवता येणार नाही तिची आशा दाखवू नये, एवढाच त्याचा अर्थ.

पूर्वपक्ष : ठीक. पण मग तिथे जाणार कोण? ज्याच्याकडे उंच चाकांची गाडी आहे, शे-दीडशे लिटरचे कॅन, थंडीत टिकणारी झोपण्याची पिशवी आणि तीन दिवस मोकळे आहेत, तो. म्हणजे धडधाकट, पैसेवाला, बहुधा तरुण. कॅलिफोर्नियातल्या मुलाकडे आलेले सत्तरीचे आईवडील तिथे जाणार नाहीत. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस जाणार नाही. एकटी बाई आपली गाडी रेंज नसलेल्या जागी न्यायला दहा वेळा विचार करील. अभाव राखून तुम्ही वाळवंट राखत नाही, एका वर्गाची मक्तेदारी राखता. शिवाय तुमच्या शुद्ध अभावात संडास कसा चालतो? तो सिमेंटचा आहे, त्याचा उपसा करायला टँकर येतो. एका सोयीला हो आणि दुसरीला नाही, हे कोणत्या न्यायाने?

उत्तरपक्ष : हा आक्षेप सर्वांत मोलाचा आहे, कारण संडासाने आपल्याला निकषच मिळवून दिला. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या काळात अमेरिकी केंद्र सरकारचा कारभार ३५ दिवस अंशतः ठप्प होता. कॅलिफोर्नियातली वाळवंटी उद्याने उघडी राहिली, पण बहुतेक कर्मचारी घरी होते. संडास तुंबले, कचऱ्याच्या पेट्या उतू गेल्या, माणसांची विष्ठा उघड्यावर पसरली, जोशुआ ट्री उद्यानात वाटा सोडून गाड्या रानात घुसल्या. कोरड्या मातीत कुजवणारे जंतू कमी आणि ओलावा जवळजवळ नाही, त्यामुळे अशी घाण लवकर मातीत मिसळत नाही, कागद तर फार काळ तसाच राहतो. म्हणून जिथे माणसे पुन्हा पुन्हा येतात तिथे संडास हवाच. तो माणसाची सोय करतो आणि जमिनीचे रक्षणही करतो. आगीसाठीचे कडे तसेच आहे. ते नसते तर दर मुक्कामाला नवा काळा डाग पडला असता. तोटी, विजेचा खांब, डांबरी रस्ता यांचे काम उलटे आहे. त्यांनी गर्दी वाढते, मुक्काम लांबतो, उजेड आणि जनरेटरचा आवाज येतो. तेव्हा न्याय असा : जी सोय माणसाचा भार जमिनीवरून कमी करते ती करावी, जी वाढवते ती दुर्गम तळावर करू नये.

राहिला समतेचा प्रश्न. मक्तेदारीची भीती मला खोटी वाटत नाही. पण तिचे उत्तर सगळे तळ एकसारखे करण्यात नाही. याच उद्यानात फर्नेस क्रीकचा तळ आहे. तिथे पाणी आहे, फ्लशचे संडास आहेत, काही जागी विजेची जोडणी आहे, गाडी थेट दारात लागते आणि आगाऊ आरक्षण होते. सत्तरीच्या आईवडिलांना तिथूनही तेच आकाश दिसते. उद्यानाला २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय अंधारआकाश उद्यानाचा दर्जा मिळाला तो सगळ्या उद्यानाला मिळाला. सोयींची चढती भाजणी हवी, तिच्या एका टोकाला फर्नेस क्रीक आणि दुसऱ्या टोकाला युरेका. त्या दुसऱ्या टोकावर एक गोष्ट विसरू नये. फर्नेस क्रीकसारखे सोयींचे तळ शुल्क घेतात, बिनसोयीचा तळ फुकट आहे. विद्यार्थ्याला, जुनी गाडी जपून चालवणाऱ्याला ते दार उघडे आहे. माझ्या बाजूने मी हे देणे लागतो : संडास आणि एखादे टेबल चाकाच्या खुर्चीला पोहोचेल असे असावे, कॅन आणि तंबू उसने मिळण्याची व्यवस्था जवळच्या गावी असावी, आणि पहिल्यांदा येणाऱ्याला कौशल्य शिकवणारे कोणी असावे. त्या सैल वाळू-खडीत नेहमीची खुंटी धरत नाही. कापडी पिशवीत वाळू भरून तिला तंबूची दोरी बांधायची, ती पिशवी हातभर खोल आडवी पुरायची, वरून पायाने दाबायचे आणि निघताना खड्डा पूर्ववत बुजवायचा. हे एकदा दाखवले की कोणालाही येते. हे ज्ञान वाटले तर मक्तेदारी मोडते. तोटीने ती मोडत नाही, फक्त जागा बदलते.

पूर्वपक्ष : तुम्ही बोलता त्यात एक ओसाडपणा गृहीत आहे. जणू तिथे माणूस नव्हताच. टिंबिशा शोशोनी लोक डेथ व्हॅलीच्या खोऱ्यात शतकानुशतके राहिले. १९३३ मध्ये सरकारने डेथ व्हॅलीला राष्ट्रीय स्मारक जाहीर केले तेव्हा त्यांना विचारले नाही. त्यांच्या हक्काच्या भूमीचा काही भाग कायद्याने परत मिळायला २००० साल लागले. माणूस वगळून रान पवित्र ठरवण्याची ही रीत आपल्याही जंगलांत अनेक आदिवासींना भोवली आहे. त्याउलट जैसलमेरजवळच्या समला पाहा. तिथे तंबूंच्या रांगा आहेत, वीज आहे, गाणे आहे, आणि त्यावर उंटवाल्याचे, मांगणियार गायकाचे घर चालते. तुमच्या कोरड्या तळाने कोणाची चूल पेटते?

उत्तरपक्ष : टिंबिशांवर अन्याय झाला आणि रिकाम्या रानाची कल्पना त्या अन्यायाला कामी आली. त्याबद्दल दुमत नाही. पण त्यांची राहणी काय सांगते ते ऐकले पाहिजे. ते हिवाळा खोऱ्यात काढत आणि उन्हाळ्यात डोंगरावर जात. खाली मेस्किटच्या शेंगा, वर पिन्यन पाइनचे बी, आणि या झाडांची निगाही ते राखत. वाळवंटाला आपल्या वेळापत्रकात बसवण्याऐवजी त्यांनी आपले वेळापत्रक वाळवंटाला बसवले. पाहुण्यालाही तीच शिस्त शोभते. आणि यापुढे तळांचे नियम ठरताना त्यांचा शब्द वजनाचा असला पाहिजे. एखादा झरा किंवा पवित्र स्थळ त्यांनी मुक्कामाला बंद ठेवायला सांगितले, तर ते बंद राहावे.

समची गोष्ट वेगळी आहे, आणि ती वेगळी ठेवण्यातच तिचा न्याय आहे. तिथे गावे आहेत, पिढीजात कला आहे, जनावरे आहेत. त्या लोकांच्या पोटावर पाय देऊन थरच्या वाळवंटात अमेरिकी धर्तीचा कोरडा तळ आणा असे मी म्हणणार नाही. पण समच्या आसपासच डेझर्ट नॅशनल पार्क आहे, माळढोकाच्या शेवटच्या आश्रयस्थानांपैकी एक. सोलापूरजवळच्या नान्नजला हा पक्षी आपल्या डोळ्यांदेखत जवळजवळ नाहीसा झाला. जमिनीवर अंडे घालणाऱ्या, विजेच्या तारांवर आदळून मरणाऱ्या पक्ष्याच्या शेजारी उजेड, गाड्या आणि आवाज किती दूरवर जाऊ द्यायचा हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही. रोजगार देणारा तळ गावालगत असावा, आणि त्यापलीकडचा पट्टा शांत ठेवावा. म्हणजे समलाही भाजणीच हवी.

पूर्वपक्ष : मग शेवटचा प्रश्न उलट्या बाजूने. जमीन इतकी नाजूक असेल, तर तंबू तरी कशाला? कुंपण घाला आणि कोणालाच सोडू नका.

उत्तरपक्ष : नाजूक आहे, यात शंका नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, जनरल पॅटन यांनी मोहावीच्या परिसरात रणगाड्यांचे प्रशिक्षण केंद्र उभारले. त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या आठ दशकांनंतरही काही ठिकाणी दिसतात. पण या पुराव्याने बोट दाखवले आहे ते चाकांकडे, पायी चालणाऱ्याकडे नाही. युरेकाच्या टेकड्यांनी हे सिद्ध करून दाखवले आहे. तिथे दोन वनस्पती अशा आहेत ज्या जगात फक्त या एका खोऱ्यात उगवतात. एक रात्री उमलणारे पांढरे प्रिमरोज आणि दुसरे वाळू धरून ठेवणारे युरेका गवत. टेकड्यांवर मौजेसाठी गाड्या धावत होत्या तेव्हा दोन्ही संकटात आल्या, आणि १९७८ मध्ये त्यांना नष्टप्राय ठरवून संरक्षण देण्यात आले. गाड्यांना मज्जाव झाला, १९९४ मध्ये खोरे उद्यानात आले, पुढे वाळूवर फळी घेऊन घसरण्यालाही बंदी झाली. चालणारे लोक मात्र येत राहिले, पायथ्याशी तंबूही पडत राहिले. २०१८ मध्ये प्रिमरोजला यादीतून वगळण्यात आले आणि गवताचा धोका एक पायरी खाली आणला गेला. बेताने येणारा माणूस आणि टिकून राहणारी वनस्पती एकत्र नांदू शकतात, याचा इतका चोख दाखला सहसा मिळत नाही. कुंपणाने हे साधले नसते. ज्या जागेवर लोकांनी रात्र काढलेली नसते, तिच्यावर उद्या खाण किंवा महामार्ग आला तर तिच्या बाजूने बोलायला माणसेही कमीच उभी राहतात.

दोन्ही पक्षांचे बोलणे इथे संपते, आणि त्यातून जे हाती लागले ते मी निर्णय म्हणून मांडतो. दुर्गम वाळवंटी तळावर पाणी न देणे हा तिथल्या व्यवस्थेचा कणा आहे. आपण नेलेले पाणी आपल्या मुक्कामाची लांबी ठरवते, मुक्कामाची लांबी गर्दी ठरवते, आणि गर्दीवर कासव, कावळा, गवत आणि अंधार यांचे गणित अवलंबून असते. ही साखळी माणसाच्या हातात राहावी म्हणून तिची पहिली कडी माणसाच्या गाडीतल्या कॅनमध्ये असणे योग्य आहे. त्याच्या बदल्यात शासनाने तीन कर्जे फेडलीच पाहिजेत : संडास नीट चालू ठेवणे, खरी आणि ताजी माहिती देणे, आणि ज्याला एवढी तयारी झेपत नाही त्याच्यासाठी त्याच उद्यानात पाण्याचा, उजेडाचा, आपुलकीचा तळ राखणे. यांतले एकही कर्ज थकले तर पूर्वपक्ष बरोबर ठरेल आणि अभाव हा निव्वळ हेळसांड होईल. तिन्ही फेडली, तर नळाचा प्रस्ताव जितक्या वेळा येईल तितक्या वेळा तो नाकारायला आपण मोकळे आहोत, आणि नाकारायलाच हवा.